मुठीतली मोटार आणि दीड हाताची बोट

मंडळी, पुण्याच्या शनिवार पेठेत बसून बोट बांधली असे सांगितले, तर तुम्ही म्हणाल, पेठेतल्या माणसाला पाणी दिसते ते नळाला, आणि तेही वेळेवर आले तर! तुमचे अगदीच खोटे नाही. पण आमची पेठ मुठेच्या काठावरची आहे. एका अंगाला शनिवारवाडा, ज्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १७३० साली घातला. दुसऱ्या अंगाला नदीकाठचे ओंकारेश्वराचे देऊळ. मधल्या बोळांतून वाडे होते, आता बहुतेकांच्या जागी इमारती आल्या. अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर, आठ बाय दहाच्या खोलीत, माझ्या नातवाने आणि मी मिळून ही बोट बांधली.

बोट माणसे बसण्याची नाही. लांबी ७० सेंटिमीटर, म्हणजे दीड हात. वजन सगळे सामान भरून दोन किलोच्या आसपास. आत विजेची मोटार, बॅटरी आणि बिनतारी संदेश घेणारे यंत्र. आपण काठावर उभे राहायचे, हातातल्या यंत्राचा घोडा दाबायचा, की बोट पाण्यावरून सुसाट सुटते. छोटे जीपीएस यंत्र बसवून मोजला तेव्हा वेग भरला ताशी ५८ किलोमीटर. एस.टी.च्या बरोबरीने धावेल अशी ही दीड हाताची बोट आहे.

शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात हे खूळ कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर माझ्या धंद्यात आहे. मी जळालेल्या मोटारी भरणारा माणूस. हवेली, मुळशी, वेल्हे, शिरूर या तालुक्यांतली माणसे जळालेली मोटार एस.टी.च्या टपावर टाकून शिवाजीनगरला उतरायची आणि हातगाडीवरून माझ्या दुकानी आणायची. ज्वारी हुरड्यात आली आहे आणि मोटार जळली आहे, अशा वेळचे त्यांचे चेहरे मी चाळीस वर्षे पाहिले. त्यातल्या बहुतेक मोटारी कमजोर नव्हत्या. त्यांची जुळणी चुकलेली होती. पंप एका मापाचा, मोटार दुसऱ्या मापाची, विहिरीची खोली तिसऱ्याच हिशेबाची. बोट बांधताना तोच धडा मला नव्याने, डोळ्यांसमोर आणि पाच मिनिटांत पाहायला मिळाला. म्हणून हा लेख.

हलकी, पण खंबीर

आधी बोटीचे अंग. लाकडाची हुबेहूब आकृती कोरायची, ती घासून आरशासारखी करायची, मेण चोळायचे आणि तिच्यावरून साचा काढायचा. गणपतीचे कारखानदार काढतात तसाच. मग साच्याच्या आत काचेच्या धाग्यांचे कापड अंथरून त्यावर इपॉक्सी हे चिकट रसायन फासायचे. रसायन आणि त्याला घट्ट करणारा दुसरा द्रव यांचे प्रमाण काट्यावर तोलून घ्यावे लागते. अंदाजाने घेतले तर अंग चिकट तरी राहते, नाहीतर ठिसूळ होते. कापडाचे दोन-तीन थर पुरतात. जास्त घातले तर बोट मजबूत होते, पण जड होते, आणि जड बोट पळत नाही. काचेचे कापड घासताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. तो भुसा छातीत जाऊ देऊ नये. आम्ही पाणी लावूनच घासायचो, म्हणजे धूळ उडत नाही.

बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल ठेवला आहे. हळू चालणारी बोट पाण्यात बुडून, पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की तीच बोट वर उचलली जाते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते. लहानपणी तळ्यावर चपटे दगड फेकून तुम्ही भाकऱ्या काढल्या असतील. दगड का बुडत नाही? वेगामुळे आणि तिरप्या पोटामुळे. बोटीचे तेच आहे. सपाट तळ अधिक लवकर उचलला जातो, पण जराशा लाटेवर आपटतो. व्हीसारखा तळ लाट कापतो.

आता भार कुठे ठेवायचा? बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवायला नको. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसते. बोटीतही बॅटरी फार मागे सरकवली तर नाक आभाळाकडे जाते आणि वाऱ्याने बोट उलटी पडते. फार पुढे सरकवली तर नाक पाण्यात खुपसून बोट रेटत बसते. ७० सेंटिमीटरच्या बोटीचा तोल मागच्या टोकापासून साधारण २१ सेंटिमीटरवर आला की ती बरी चालते. म्हणून बॅटरी आम्ही पक्की चिकटवली नाही, पट्ट्याने बांधली. पाणी पाहून, वारा पाहून बोटभर इकडेतिकडे सरकवता येते. नाकाच्या पोकळीत थर्माकोलचे तुकडे कोंबले आहेत. पाणी शिरले, बोट उलटली, तरी बुडणार नाही.

मुठीत दोन अश्वशक्ती

आता माझा आवडता भाग. या बोटीची मोटार ३६ मिलिमीटर जाड आणि ६० मिलिमीटर लांब आहे. मुठीत झाकून जाते. पूर्ण जोरात असताना ती १४.८ व्होल्टवर १०० अँपिअर घेते. गुणाकार करा: १,४८० वॉट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे ही मुठीतली मोटार जवळजवळ दोन अश्वशक्ती वीज खाते!

तुमच्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. मग या चिमुरडीला १०० कशाला? कारण तुमच्याकडे दाब ४१५ व्होल्टचा आहे आणि तिच्याकडे फक्त १४.८ व्होल्टचा. दाब कमी असला की तेवढेच काम करायला प्रवाह जास्त लागतो. पाइप अरुंद असो की रुंद, काम जोराचे आणि धारेचे मिळून होते, तसे हे आहे. तुमच्याकडे रात्री व्होल्टेज पडते तेव्हा नेमके हेच घडते. पंपाला पाणी तर तेवढेच उचलायचे असते. मोटार जादा प्रवाह ओढते, तापते, वार्निश करपते आणि मग ती माझ्यासारख्याच्या दुकानात येते. हा हिशेब ज्याला समजला, त्याने स्टार्टरवरच्या व्होल्टमीटरकडे न बघता बटण दाबले असे होणार नाही.

या मोटारीला ब्रश नाहीत. आतल्या रोटरवर कायमची चुंबके आहेत आणि बाहेरच्या अंगाला तांब्याची गुंडाळी. गंमत अशी की तिलाही तीनच तारा आहेत, तुमच्या तीन फेजच्या मोटारीसारख्या. बॅटरीची वीज एकाच दिशेची. तिच्यातून तीन फेज तयार करायचे काम वेगनियंत्रक नावाची काडेपेटीहून थोडी मोठी डबी करते. पंप उलटा फिरू लागला की तुम्ही काय करता? तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल. बोटीची मोटार उलटी फिरली तेव्हा नातू मोबाइलमध्ये उपाय शोधत बसला. मी दोन तारा बदलून दिल्या. तेव्हापासून घरात माझा भाव जरा वधारला.

मोटार निवडताना एक आकडा पाहायचा: एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. आमच्या मोटारीचा आकडा २,००० आहे. म्हणजे १४.८ व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला २९,६०० फेरे. तुमचा मोनोब्लॉक पंप २,८८० च्या आसपास फिरतो, त्याच्या दहापट. एवढ्या फेऱ्यांना उष्णता आलीच. म्हणून मोटारीवर ॲल्युमिनियमचे पोकळ कवच चढवले आहे. बोट पळू लागली की पाठीमागच्या एका बारीक नळीच्या तोंडात पाणी आपोआप घुसते, आधी वेगनियंत्रकातून, मग मोटारीच्या कवचातून फिरते आणि बाजूच्या भोकातून धार होऊन बाहेर पडते. डिझेल इंजिन चालवणारा माणूस थंड करणाऱ्या पाण्याची धार पडते का ते आधी पाहतो. आम्हीही तेच पाहतो. धार नाही, तर बोट काठाला.

मोटारीपासून पंख्यापर्यंत जोर नेतो तो बारीक पोलादी तारांचा पिळलेला दांडा. तो पितळी नळीतून वाकून जातो. जोर आला की त्याला पीळ बसतो, आणि पीळ बसला की तो आखूड होतो. चऱ्हाट वळणाऱ्याला हे ठाऊकच आहे. म्हणून पंख्याच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर फट मुद्दाम सोडावी लागते. फट ठेवली नाही तर दांडा आखडून मोटारीवर ताण येतो. नळीत ग्रीस मात्र दर वेळी भरायचे.

पंख्याचे गणित

बोटीचा पंखा दोन पात्यांचा, ४० मिलिमीटर व्यासाचा. एका फेऱ्यात तो पाण्यात जितका पुढे सरकेल, त्याला त्याची चाल म्हणू. आमच्या पंख्याची चाल व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५६ मिलिमीटर आहे. भार पडल्यावर मोटार समजा मिनिटाला २४,००० फेरे करते. ५६ मिलिमीटर गुणिले २४,००० म्हणजे मिनिटाला १,३४४ मीटर, ताशी सुमारे ८० किलोमीटर. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. स्क्रू लाकडात जातो तसा पंखा पाण्यात जात नाही, थोडा घसरतो. एक पंचमांश घसरणीत गेले असे धरले तरी ६४ उरतात. बाकीचे वारा आणि पाण्याचे घर्षण खाते. आमचे ५८ आले, यात मला नवल वाटले नाही. कागदावरचे एकरी उत्पन्न आणि खळ्यावरची रास यांत फरक असतोच.

आता मुख्य गोष्ट. वेग वाढवायचा म्हणून ४० ऐवजी ४२ मिलिमीटरचा पंखा बसवला तर काय होईल? दोनच मिलिमीटरचा फरक, नखाएवढा. पण तेवढ्याच फेऱ्यांवर पंखा फिरवायला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. गणित करा, मागणी जवळजवळ सव्वापट होते. १०० अँपिअरच्या जागी सव्वाशे. मोटार कण्हते, डबी तापते, बॅटरी फुगते, आणि वेग वाढतो तो जेमतेम. तुमच्या पंपाच्या पंख्यालाही त्याच जातीचा नियम लागू आहे. ‘जरा मोठा पंखा बसवा, पाणी जास्त येईल’ असे कुणी सांगितले, की आधी विचारा, मोटारीच्या पाटीवर किती अँपिअर लिहिले आहेत आणि पंखा बदलल्यावर ती किती घेईल? मोटारीच्या ताकदीबाहेरचा पंखा म्हणजे गोऱ्ह्याला नांगराला जुंपण्यासारखे आहे.

आणखी एक खूण दोन्हीकडे सारखी आहे. पंप पाण्यापासून फार उंच बसवला, किंवा फुटव्हॉल्व्हची जाळी तुंबली, की पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. पंख्याच्या मागे दाब इतका कमी होतो की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होऊन बुडबुडे होतात, आणि ते फुटताना धातूवर बारीक खड्डे पाडतात. बोटीच्या पंख्यामागेही असे बुडबुडे होतात. म्हणून वेगवान बोटीचा पंखा अर्धा पाण्यात आणि अर्धा पाण्याबाहेर फिरेल असा बसवतात. मग वाफेऐवजी वरची हवा त्या पोकळीत शिरते आणि धातू वाचतो. शिवाय दांडा आणि त्याचा आधार पाण्यात ओढत न्यावा लागत नाही. विहिरीवरच्या पंपात मात्र हवा शिरू देऊ नका, नाहीतर पाणी सुटेल. एकच शास्त्र, पण दोन ठिकाणी दोन वागणुकी.

बॅटरीचा स्वभाव

बॅटरी लिथियम जातीची, चार घरांची. एका घराचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. साठा पाच अँपिअर-तासांचा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. सरासरी ५० अँपिअर घेतले तर सहा मिनिटांत संपते. सहा मिनिटे एक अश्वशक्ती, एवढी तिची पुंजी. म्हणून पाच मिनिटांचा गजर लावायचा आणि बोट परत आणायची. एक घर तीन व्होल्टच्या खाली गेले तर बॅटरी कायमची खराब होते. बियाण्याचे पोते खायला काढल्यासारखे ते आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी चूक सोसते, ही सोसत नाही. तारा एकमेकींना लागल्या, टोक घुसले, जादा भरली, तर पेट घेते आणि ती आग सहज विझत नाही. आम्ही ती मातीच्या कुंडीत ठेवून, माणूस समोर बसलेला असतानाच भरतो, तीही पाच अँपिअरच्या वर नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरत नाही. आता फवारणीच्या पंपातही कुठे कुठे लिथियम बॅटऱ्या आल्या आहेत. त्या कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा झोपायच्या खोलीत रात्रभर भरायला लावून ठेवू नका. एवढी एक गोष्ट या लेखातून घेतलीत तरी पुष्कळ झाले.

हवेतला लगाम

बिनतारी बोट ही काही कालची करामत नाही. सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली विजेच्या मोटारीवर माणसे बसवून नाव चालवली होती. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. आणि १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात लोखंडी बोट सोडून ती दुरून चालवली. लोकांना जादूच वाटली. आज ट्रॅक्टरपासून क्षेपणास्त्रापर्यंत जे जे दुरून चालते, त्याच्या पणजोबांत ही बोट मोजावी लागेल.

आमचे यंत्र २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून बोटीतली संदेश पकडणारी तार पाण्याच्या पातळीच्या वर, नळीत उभी ठेवावी लागते. संदेश तुटला तर मोटार आपोआप थांबली पाहिजे, अशी सोय यंत्रात असते. आम्ही दर वेळी बोट पाण्यात सोडण्याआधी हातातले यंत्र मुद्दाम बंद करून पाहतो. मोटार थांबली तरच बोट सोडायची. लगाम तुटला तर घोडा जागीच उभा राहावा, यासाठी हे.

पाणी कुठले आणायचे?

बोट तयार झाली आणि खरा प्रश्न उभा राहिला. घरापासून हाकेच्या अंतरावर नदी, पण बोट सोडावी असे पाणी नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडतात तेव्हा मुठा दुथडी वाहते. एरवी पेठेजवळ तिच्यात शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी. जलपर्णीचे एक मूळ पंख्यात अडकले तर मोटार जळायला काही क्षण पुरतात. खाली संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जुना बोट क्लब आहे, तिथली मुले दरवर्षी हौसेने रेगाटा भरवतात. त्यांच्या हौसेला नमस्कार. पण ज्या नदीच्या काठी पेशव्यांच्या काळी घाट बांधले, त्या नदीत नातवाची दीड हाताची बोट सोडता येत नाही, याची खंत मला आहे.

या नदीचे दुसरे रूपही आमच्या पेठेने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि शनिवार, नारायण, कसबा पेठांत पाणी शिरले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. धाकटी बहीण तान्ही होती. आईने तिला पोटाशी धरले आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या बाजूला गेलो. परतलो तेव्हा वाड्याच्या चौकात गुडघाभर चिखल होता. खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेली पाण्याच्या संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तिथे धरणांचे, बंदरांचे लहान नमुने करून त्यांत पाणी सोडतात आणि मोठ्या पाण्याचा स्वभाव ओळखतात. लहान वस्तूवर मोठ्याचा अंदाज घेणे हे शहाणपणाचे काम आहे. पण पाण्याची भीती एकदा अंगात शिरली की ती नमुन्याने जात नाही.

आधी दोरी, मग बोट

ती तान्ही बहीण शिरूर तालुक्यात दिली आहे. तिच्या वाडीजवळ १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव आहे. बोट चालवायला उत्तम. मी निरोप धाडला, तर तिने फोनवरच झाडले, “दादा, बाकी काय आणायचं ते आण. पाण्याचं खेळणं माझ्या दारात नको.”

कारण मला माहीत होते. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि गावोगाव शेततळी झाली. पाणी आले, डाळिंब जगले, ही चांगलीच गोष्ट. पण त्यांतल्या पुष्कळ तळ्यांना तळाशी आणि काठाला प्लास्टिक आहे. त्यावर शेवाळ धरले की काठ साबणासारखा होतो. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या शेजारच्या तळ्यात एक कर्ता मुलगा गेला. त्याला पोहता येत होते. पण पोहत काठाला आलेल्या माणसाला हाताला धरायला काही मिळाले नाही, तर पोहणे किती वेळ पुरणार? घसरतो, पुन्हा घसरतो आणि दमतो. त्या दिवसापासून वाडीतल्या पोरांना तिने पाण्याकडे फिरकू दिले नव्हते.

मी तिला म्हणालो, “मी येतो, पण बोट पिशवीतून काढणार नाही. आधी दोरी बांधू. तू काढ म्हणशील तेव्हा काढीन.”

तसे केले. दीड इंची नायलॉन दोर आणले, हातभर अंतरावर गाठी मारल्या. मेहुण्यांच्या शेततळ्याच्या चारही बाजूंना काठाबाहेर लोखंडी खुंट्या ठोकून दोर पाण्यात सोडले. एका कोपऱ्यात जुन्या टायरांची शिडी सोडली. ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून, दोरी लावून खांबावर टांगली. कुंपण होते, त्याला फाटक आणि कडी बसवली. पोरांना पढवले: कुणी पडले तर मागून उडी घालायची नाही. आरडाओरडा करायचा, ट्यूब फेकायची, दोर दाखवायचा. मग मेहुण्यांनी स्वतः कमरेला दोर बांधून, दोघांना वर उभे करून, पाण्यात उतरून दाखवले. दोराशिवाय तीन वेळा घसरले. दोर धरून सहज वर आले. बहीण फाटकाशी उभी राहून पाहत होती. शेजारच्या घरची, त्या मुलाची आईही येऊन उभी राहिली होती. कुणी काही बोलले नाही. ती बाई पुढे आली, दोराची गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, “आमच्याबी तळ्याला बांधा, मामा.” मी तिच्या जावेचा भाऊ नाही की कुणी नाही. पण बहिणीची वाडी ती आपली वाडी, सगळ्या पोरांचा मी मामाच. दुसऱ्या दिवशी तिच्या तळ्याला बांधले.

तिसऱ्या दिवशी पहाटे बहीण म्हणाली, “काढ तुझी बोट.”

पाझर तलावावर वारा पडलेला होता. जनावरे पाण्यावर आलेली नव्हती, आंघोळीला कुणी नव्हते, पक्षी पलीकडच्या काठाला होते. हे तिन्ही पाहूनच बोट सोडावी. तो पंखा कडबाकुट्टीच्या पात्याइतकाच निर्दय असतो. नातवाने घोडा दाबला. बोट क्षणभर पाण्यात बसली, मग नाक उचलून वर आली आणि मागे पांढरी शेपटी सोडत सुटली. पोरांनी जो गलका केला तो वाडीत ऐकू गेला असेल. बहिणीने पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती, मला कळले नाही, आणि मी विचारलेही नाही.

मेहुण्यांनी मग व्यवहाराचा प्रश्न विचारला, “ही बोट बुडणाऱ्याला दोर नेऊन देईल का?” खरे उत्तर असे की ही बोट देणार नाही. ती वेगासाठी जुळवलेली आहे. दोर ओढायला लावली तर पाण्यावर उचललीच जाणार नाही आणि मोटार तापेल. त्यासाठी कमी फेऱ्यांची मोटार, मोठा पंखा आणि रुंद तळ हवा. वावरात दौडायचा घोडा कामाचा नाही, बैल हवा. आम्ही पुढे तशी दुसरी बोट बांधली. ती सावकाश जाते, पण पेन्सिलीएवढी बारीक दोरी साठ मीटर पलीकडे नेते. दोरी पंख्यात अडकू नये म्हणून ती बोटीच्या पाठीवर उंच बांधतो. त्या दोरीला मोठा दोर बांधून पलीकडच्या माणसाने ओढून घ्यायचा. तलावात तरंगता पंप बांधायला मेहुण्यांनी ती दोनदा वापरली. माणूस वाचवण्याचे साधन म्हणून मात्र मी तिच्यावर विसंबा असे सांगणार नाही. बॅटरी भरलेली असेलच असे नाही, चालवणारा जवळ असेलच असे नाही. खुंटीला बांधलेला दोर चोवीस तास जागा असतो.

खर्चाचे विचाराल तर पहिल्या बोटीला एखाद्या लहान पंपसंचाइतका आला. प्रत्येक घराने तो करावा असे मुळीच नाही. पण तुमच्या मुलाला हाताने काही बनवायची ओढ असेल, तर खेळण्यातली जुनी मोटार, थर्माकोलचा तुकडा आणि पत्र्याचा पंखा पुरे आहे. पंखा थोडा मोठा करून पाहा, थोडा लहान करून पाहा, भार पुढेमागे सरकवा. त्यातून जे कळेल ते विहिरीवर उपयोगी पडेल. मग त्याच मुलाला तुमच्या मोटारीवरची पाटी वाचायला सांगा: किती व्होल्ट, किती अँपिअर, किती फेरे. पंपाची पाटीही वाचायला सांगा आणि पाणी किती उंच चढवायचे आहे ते मोजायला लावा. हे तीन आकडे एकमेकांशी जुळले, तर माझ्या धंद्यातल्या माणसाकडे तुम्हाला यावे लागणार नाही. त्याचे मला दुःख नाही.

पण हे सगळे नंतर. आधी शेततळ्यावर जा आणि काठाला दोर बांधलेला आहे का, ते पाहून या.